न वाजवता लावलेला ड्रमसेट

मला स्वस्थ बसता येत नाही. हा आजार आहे आणि त्याला औषध नाही, असं आमच्या मंगलाचं लग्नापासूनचं मत आहे. जेवायला बसलो की ताटाच्या कडेवर बोटं चालू होतात. एकदा एका सोयऱ्याकडे दुःखाला गेलो होतो. तिथे सतरंजीवर माझी बोटं ताल धरायला लागली, तेव्हा हिने सगळ्यांदेखत माझा हात घट्ट धरून ठेवला. लोकांना वाटलं, बाईला भरून आलंय.

जळगावात ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या एका कारखान्यात मी फिटर होतो. आमच्याकडे नुसती चासी यायची, तिच्यावर लाकूड, पत्रा, अँगल चढवून आम्ही तिचा ट्रक करायचो. बॉडी झाली की एक माणूस मागच्या रिकाम्या हौद्यात बसवायचा आणि गाडी नशिराबादच्या रस्त्याने पळवायची. कुठला बोल्ट सैल आहे, कुठला पत्रा खडखडतोय, हे त्या माणसाने कानाने हुडकायचं. तो माणूस बहुतेक वेळा मीच असायचो. ज्याला बसवत नाही त्याला बसवायला हीच जागा बरी, असं आमचे मिस्तरी म्हणायचे. म्हणजे नोकरीभर मी आवाज बंद करण्याचा पगार घेतला आणि घरी येऊन आवाज सुरू करण्याचा छंद केला. या अंकाच्या संपादकांना माझ्याकडून नोकरीवर लेख हवा होता. मी म्हटलं, नोकरीतलं सांगण्यासारखं एवढंच, बाकी जे घडलं ते छंदात घडलं. ते हो म्हणाले. आता भोगतील.

छंद म्हणजे जुने ड्रमसेट नीट करणं. एके काळी खानदेशात तालुक्याच्या गावोगाव ऑर्केस्ट्रा होते आणि प्रत्येकाकडे एक ड्रमसेट होता. मग डीजेच्या गाड्या आल्या आणि ड्रमसेट माळ्यावर गेले. ते मी खाली उतरवतो. एरंडोलच्या एका घरात मला मोठ्या ड्रममध्ये भुईमुगाच्या शेंगा भरलेल्या सापडल्या. घरातली म्हातारी म्हणाली, उंदीर शिरत नाही, याच्याइतकं चांगलं पिंप बाजारात मिळत नाही. तिला तेवढ्याच मापाची पत्र्याची कोठी बनवून दिली, तेव्हा ड्रम सुटला.

ड्रमसेट सगळ्यांनी पाहिलेला असतो, उघडून मात्र कुणी पाहिलेला नसतो. जमिनीवर आडवा असतो तो बेस, तो पायाने वाजतो. त्याच्या डोक्यावर छोटा टॉम. वाजवणाऱ्याच्या उजव्या हाताला तीन पायांवर उभा असतो त्याला इंग्रजीत काहीतरी नाव आहे, पण आमच्याकडे त्याला सगळे खालचा ढोल म्हणतात. दोन मांड्यांच्या मध्ये स्नेअर, त्याच्या पोटाखाली तारांची जाळी, म्हणून तो करकरीत बोलतो. बाकी झांजा. प्रत्येक ढोल म्हणजे लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेला गोल घेर, त्याच्या तोंडावर ताणलेलं पान, पानावर लोखंडी रिंग आणि त्या रिंगेला खाली ओढणारे बोल्ट. यात बिघडण्यासारखं आहे काय, असं कुणालाही वाटेल. सगळंच बिघडतं. आमचा उन्हाळा लाकडाला सोडत नाही आणि पावसाळा लोखंडाला.

सगळ्यात महत्त्वाचा असतो घेराचा काठ, ज्याच्यावर पान टेकतं. तो सगळीकडून एका पातळीत पाहिजे. त्यासाठी खोलीत अंधार करायचा, घेर जाड काचेवर पालथा ठेवायचा आणि आत टॉर्च लावायची. जिथून उजेड फटीतून बाहेर येईल तिथे काठ बसलेला. मग पॉलिश पेपर घेऊन हळूहळू, आज थोडं, उद्या थोडं. मला स्वस्थ बसता येत नाही म्हणतात, पण या कामाला मी सकाळी बसलो की जेवायला हाक मारावी लागते. काठ झाला, पान चढलं, की चावीने बोल्ट आवळायचे. समोरासमोरचे, सारखे आटे. पण जुन्या बोल्टांचे आटे सारखे झिजलेले नसतात, म्हणून हाताला सारखं लागलं तरी पानाला सारखं लागत नाही. शेवटचा पाव आटा कानाने लावायचा. प्रत्येक बोल्टाजवळ टिचकी मारायची, ऐकायचं, आवळायचं, पुन्हा टिचकी. सगळीकडून एकच सूर आला की ढोल लागला. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ यावरच आहे.

गिऱ्हाईकं म्हणावीत तर मजेशीर. नशिराबादचे एक बँडमास्तर आले. त्यांना आवाजाशी देणंघेणं नव्हतं, घेरावर सोनेरी पट्टे आणि रेडियमचे मोर हवे होते. मी काठाबद्दल बोलायला लागलो तर म्हणाले, "नाना, वऱ्हाडाले डोये असता, कान नसता." मला राग आला, पण त्यांच्या वराती मी पाहिल्या आहेत, माणूस खोटं बोलत नव्हता. जळगावातल्या एका डॉक्टरांना दवाखान्यात पेशंट बसतात तिथे शोभेला ड्रमसेट हवा होता. मी चार महिने खपून लावून दिला. त्यांनी तो काचेच्या पेटीत ठेवला. मला वाटलं, माझ्या लेकीला कुणी काचेत ठेवलं. त्यानंतर मी ठरवून टाकलं, जो वाजणार नाही त्याला हात लावायचा नाही.

आणि मग दीपाली आली.

धुळ्याहून छोटा हत्ती टेम्पोत ड्रमसेट घालून आमच्या पिंप्राळ्याच्या घरासमोर उतरली. नर्स आहे, बोलायला चटपटीत. तिचं वैशाखात लग्न ठरलं होतं. ड्रमसेट तिच्या वडिलांचा, भास्करभाऊंचा. धुळ्यातल्या एका ऑर्केस्ट्रात ते आयुष्यभर वाजवत होते. करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात, सगळं बंद असताना, घरी बसल्या बसल्या हृदयविकाराने गेले. दीपालीला वडिलांच्या जागी मांडवात हा सेट उभा हवा होता. गाडीत पुढच्या सीटवर तिची आई बसली होती, सुमनअक्का. कुणाच्या हाती देतोय ते बघायला ती धुळ्याहून आली होती. उतरली, माझ्या पडवीतली काच, पॉलिश पेपर, अर्धे उघडलेले ढोल, सगळं बघितलं. चहा घेतला नाही. उभ्यानेच बोलली.

"नाना, बठ्ठं नीट करा. पन त्याले काठी लागाले नको. मना माहेरना माणूस ईसन दुःख काढस नही, तवलोंग नही."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. माहेरचं माणूस येऊन दुःख काढत नाही तोवर ढोलांना काठी लागू द्यायची नाही, असं ती म्हणाली. आपल्याकडे घरातला कर्ता माणूस गेला की सोयरे दुखवटा घेऊन येतात. बाईच्या माहेरचं माणूस लुगडं आणतं, तिच्या अंगावर घालतं, गोडाचा घास भरवतं, आणि तिथून त्या घराला सणवार, हसणं, वाजवणं मोकळं होतं. याला बोलावणं पाठवायचं नसतं. ते आपणहून यावं लागतं. अक्काचं माहेर भडगावचं. आईवडील नाहीत, एकच भाऊ, पंडितआबा. भास्करभाऊंशी लग्न ठरलं तेव्हाच त्याने नाक मुरडलं होतं. बँडवाले सगळ्यांच्या मागून पंगतीला बसतात, तिथे माझी बहीण द्यायची का, असं चारचौघांत बोलला होता. भास्करभाऊ गेल्यावर तो आला नाही. तेव्हापासून त्या घरात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका बांधला नाही, दिवाळीला आकाशकंदील लागला नाही, आणि माळ्यावरच्या ढोलांवरचं कापड कुणी काढलं नाही. आता दीपालीचं लग्नसुद्धा बिनावाजंत्रीचं व्हायचं होतं.

मी नाही म्हणायला हवं होतं. जो वाजणार नाही त्याला हात लावायचा नाही, असं ठरवून बसलो होतो ना. पण अक्का बोलत असताना तिचा हात खालच्या ढोलाच्या रिंगेवर होता, आणि ती तो काढत नव्हती. मी म्हटलं, बरं अक्का, नाही वाजवणार.

काम सोपं नव्हतं. वरचं मोत्याच्या रंगाचं आवरण फुगलं होतं, ते उकळत्या पाण्याच्या कापडाने शेकून पुन्हा बसवलं. रिंगा गंजल्या होत्या. बेसच्या पेडलची चामड्याची पट्टी वाळून लाकूड झाली होती. पानं तडकली होती, ती बदलावी लागली. पण जुनी पानं काढताना मला भास्करभाऊ कळले. पानावर जिथे काठी पडते तिथे झीज होते. बहुतेकांची झीज मधोमध आणि पसरट असते, ठोकणाऱ्यांची. यांची छोटी, नेटकी, मध्यापासून थोडी बाजूला, सगळ्या पानांवर तशीच. माणूस ठोकत नव्हता, ठेवत होता. मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. धुळ्याला माझं किती जाणं झालं असेल, एखाद्या मांडवात ते वाजवत असतील आणि मी बाहेरून निघून गेलो असेन. याची रुखरुख मला अजून आहे.

शेवटी घेर झाले, काठ झाले, पानं चढली आणि मी शेवटच्या पाव आट्यापाशी येऊन अडकलो. टिचकी मारायची नाही. मग लावायचं कशाने. अंगठ्याने पान दाबून बघितलं. तळहाताने मध्ये भार देऊन सुरकुत्या कुठे पडतात ते बघितलं. आटे मोजले. बोल्ट हाताला सारखे लागेपर्यंत आवळले, पुन्हा सैल केले, पुन्हा आवळले. सगळं सारखं दिसत होतं. पण मला खात्री होती की यातला एखादा ढोल खोटं बोलतोय, आणि कुठला ते मला कळत नव्हतं. जेवताना, झोपताना, रिक्षात बसल्यावर तेच. मंगलाने वीस वर्षं या पडवीतल्या ठोकाठोकीवर कुरकुर केली. आता पडवी गप्प झाली तर तिला करमेना. एक दिवस चिडून म्हणाली, मारा एक टिचकी आणि मोकळे व्हा, धुळ्याला का ऐकू जाणार आहे. एकदा नव्हे, मी दहादा बोट उचललं. खरं सांगतो, माझ्या शब्दाचा मला तितका धाक नव्हता. पण तो आवाज त्या बाईचा होता. इतकी वर्षं थांबून तिने जो ऐकला नाही, तो तिच्याआधी मी ऐकावा, याला माझं मन धजेना.

तेव्हा जे माझ्यासारख्या माणसाने करायचं तेच मी केलं. हात चालेना म्हणून पाय चालवले. कुणाला न सांगता भडगावच्या बसमध्ये बसलो. मंगलाला सांगितलं, चामड्याची पट्टी बघायला चाललोय.

पंडितआबा गिरणेच्या काठच्या मळ्यात भेटले. केळीचे घड ट्रॅक्टरमध्ये भरणं चाललं होतं. सत्तरीकडे झुकलेला, उंच, डोक्याला टॉवेल बांधलेला माणूस. मी ड्रमसेटचं नाव काढल्याबरोबर त्यांनी विचारलं, कोणत्या बँडचे तुम्ही. मी म्हटलं, कोणत्याच नाही, तुमच्या मेहुण्यांचे ढोल नीट करतोय. त्यांनी मजुरांना भरणं चालू ठेवायला सांगितलं आणि मला बांधावर घेऊन गेले. मी काय बोलणार ते वाटेत घोकून ठेवलं होतं. बहिणीची चूक काय, एवढ्या वर्षांत एक लुगडं झालं नाही का, असं बरंच काही. बोललोही. त्यांनी ऐकून घेतलं. मग खाली बघत म्हणाले:

"मी निंघनू व्हतू नाना. लुगडं लिसन निंघनू व्हतू. पुढे जाऊ दिधं नही."

मग हळूहळू सगळं सांगितलं. भास्करभाऊ गेल्याचं त्यांना उडत उडत कळलं. धुळ्याहून निरोप आला नाही, त्याचा राग आलाच. त्यात जुना राग होताच. पण बायकोने ट्रंकेतलं नवं लुगडं काढून दिलं, डब्यात शिरा भरला आणि म्हणाली, राग नंतर करा. मोटारसायकलवर निघाले. पारोळ्याच्या पुढे जिल्ह्याची हद्द लागते, तिथे अडवलं. पास नाही. पोलिसाला हात जोडले, लुगडं तरी कुणाजवळ धाडा म्हणून विनवलं. त्या दिवसांत कुणी कुणाचं कापड हातात घेत नव्हतं. माघारी फिरले. आणि त्यांच्या घरात दुखवट्याचं म्हणून बाहेर काढलेलं लुगडं परत उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. हायवेवरून सुरतेकडची माणसं पायी घरी चालली होती, बायका-पोरांसकट. त्यातल्या एका बाईच्या हातात त्यांनी लुगडं दिलं, डबाही दिला. ती काय म्हणाली ते त्यांना कळलं नाही, भाषा वेगळी होती. घरी आले आणि आंघोळ करून बसले.

मी विचारलं, हे अक्काला माहीत आहे का. ते म्हणाले, जे पोचलंच नाही ते कसं सांगायचं. ती म्हणेल, माझा भाऊ आता बहाणे सांगतोय. रस्ते उघडले तेव्हा दिवस उलटून गेले होते. एक आखाजी गेली, दुसरी गेली. मग शिळं दुःख काढायला कोणत्या तोंडाने जायचं. तिने एक बोलावणं केलं असतं तर पळत गेलो असतो, असंही म्हणाले. मला बसल्या जागी उठून उभं राहावंसं वाटलं. ती म्हणते बोलावणं करायचं नसतं, हे म्हणतात बोलावणं आलं नाही. दोघंही रीतीला धरून होते आणि रीतीने दोघांनाही उपाशी ठेवलं होतं. मी म्हटलं, मी आजच धुळ्याला जाऊन सांगतो. त्यांनी माझा दंड धरला. मधल्या माणसाने सांगितलं की खरंसुद्धा खोटं वाटतं, म्हणाले, सांगायचं असेल तर मीच सांगेन. मी विचारलं, म्हणजे येणार का. त्यांनी मळ्याकडे बघत एवढंच म्हटलं, "दखसू."

त्या दखसूवर, म्हणजे नुसत्या ‘बघतो’वर, मी लग्नापर्यंतचे दिवस काढले. कुणाला सांगायचं नाही आणि गप्प बसायचं, ही दोन्ही कामं मला जन्मात जमलेली नाहीत. मंगलाने विचारलं, पट्टी मिळाली का. मी म्हटलं, बघतो म्हणाले.

हळदीच्या दिवशी सेट घेऊन मी आणि मंगला धुळ्याला गेलो. घरासमोर गल्लीत मांडव होता. एका कोपऱ्यात मी बेस मांडला, त्याच्यावर टॉम, शेजारी खालचा ढोल, स्नेअर, झांजा. स्टुलावर दीपालीने वडिलांचा फोटो ठेवला आणि हार घातला. येणारे-जाणारे उभे राहून बघत. कुणी म्हणे, नवाच घेतला वाटतं. एरवी मी अशा बोलण्याने फुगलो असतो. त्या दिवशी माझा जीव रस्त्याच्या तोंडाशी लागला होता. मी चारदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. बायका हळद लावत होत्या आणि खालच्या आवाजात गाणी म्हणत होत्या, जशी आजारी माणसाच्या घरात म्हणावीत. अक्का सगळ्यांचं बघत होती, पाणी, चहा, पाहुणे. ढोलांकडे तिची पाठ होती.

दुपार कलली तेव्हा गल्लीत एक जीप शिरली. आधी पंडितआबांची बायको उतरली, मग ते. डोक्याला टॉवेल नव्हता, टोपी होती. हातात कापडी पिशवी. अक्काच्या हातात चहाचा ट्रे होता. तो कुणीतरी घेतला. आबा तिच्यासमोर आले आणि सगळ्यांसमोर, मधे कुणाला न घालता, त्यांनी पारोळ्याच्या पुढच्या चौकीचं सांगितलं. लुगडं आणि शिऱ्याचा डबा कुणाला दिला तेही सांगितलं. फार वेळ लागला नाही. इतक्या वर्षांची गोष्ट एवढीशीच होती.

अक्काने एकच विचारलं, शिरा वहिनीने केला होता का. वहिनी हो म्हणाली.

मग अक्का पाटावर बसली. आबांनी पिशवीतून लुगडं काढून तिच्या खांद्यावर घातलं, वहिनीने गुळाचा खडा तिच्या तोंडात घातला. अक्का रडली नाही. आबा रडले, मोठ्याने, आणि ते बघून गल्लीतली अर्धी माणसं रडली. मीही रडलो. मंगलाने हात धरला, या वेळी बोटं थांबवायला नव्हे.

एका म्हातारबुवांनी ठरवलं की ज्याने दुःख काढलं त्यानेच पहिली काठी मारायची. आबा नको नको म्हणत होते. ज्या वाजवण्याला त्यांनी नाक मुरडलं होतं तेच आता त्यांच्या हातात देत होते. दीपालीने काठी आणून दिली. आबा सेटपुढे उभे राहिले, कुठे मारायचं कळेना, आणि मग जो सगळ्यात जवळ होता त्या खालच्या ढोलावर त्यांनी काठी मारली.

आवाज वाईट आला. ओल्या पोत्यावर मारावं तसा. इतके दिवस जो खोटं बोलतोय म्हणून मी तळमळत होतो, तो हाच. समोरच्या बाजूचे दोन बोल्ट सैल होते, एका काठीत मला कळलं. आजूबाजूला लोक डोळे पुसत होते, टाळ्या वाजवत होते, कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. नशिराबादच्या मास्तरांचं म्हणणं पुन्हा खरं ठरत होतं. आणि मला त्या माणसांमधून वाट काढून ढोलापर्यंत जायची लाज वाटत होती. अशा वेळी बोल्टाचं काय बोलायचं.

तेवढ्यात अक्का पाटावरून उठली. खांद्यावरचं नवं लुगडं सावरत गर्दीतून आली आणि माझ्यापुढे हात पसरला.

"खालना ढोल उतरेल शे. चावी द्या, नाना."

मी चावी दिली. ती ढोलाशेजारी खाली बसली, कान पानाजवळ नेला आणि बोल्टाशेजारी बोटाने टिचकी मारली. मग पुढचा बोल्ट, मग समोरचा. जिथे सैल होता तिथे थांबली, चावी बसवली, किंचित फिरवली, पुन्हा टिचकी. पंचवीस वर्षं ज्या बाईने स्वयंपाकघरातून रोज हा ढोल लागताना ऐकला होता, तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मी तिच्या मागे उभा राहून ऐकत होतो आणि सूर एकेका बोल्टाला येऊन मिळत होता. शेवटच्या बोल्टापाशी ती जरा जास्त थांबली. मला वाटलं, झालं की आता. तिला तसं वाटलं नाही. तिने आणखी केसभर फिरवला आणि मग मला कळलं की तिचंच बरोबर होतं.

ती उठली. आबांच्या हातातली काठी घेतली, मध्यापासून थोडी बाजूला, पानावर ठेवल्यासारखी एकदा मारली, आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत डोळे मिटून उभी राहिली. मग काठी भावाच्या हातात परत दिली.

"आते वाजाड," ती म्हणाली.